रक्ताची उलटी थांबली, आता जेवायचं कधी? एका पथ्याचा इतिहास



आजचा विषय एका साध्या प्रश्नाचा आहे. माणसाला रक्ताची उलटी झाली, किंवा डांबरासारखी काळी शौचाला झाली. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दुर्बीण टाकली, म्हणजे एंडोस्कोपी केली, उपचार झाला आणि रक्त थांबलं. आता त्याला खायला कधी द्यायचं?

वॉर्डाच्या बाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा प्रश्न पडतो. ‘डॉक्टरसायब, बुढ्याले आता काई देऊ का?’ असं ती विचारते, आणि तिला एका तासात तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, दोन दिवस पाण्याचा थेंबसुद्धा नको. दुसरा म्हणतो, फक्त थंड दूध द्या, दुधाने आतली जखम भरते. तिसरा म्हणतो, अहो अंगात रक्त राहिलं नाही, जेवल्याशिवाय माणूस उभा कसा राहील?

आता गंमत बघा. ही तिन्ही उत्तरं कोणाच्या मनाची नाहीत. तिन्ही उत्तरं एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांनी दिलेली आहेत आणि ती वेगवेगळ्या काळातून आपल्यापर्यंत आली आहेत. म्हणून आम्ही हा प्रश्न इतिहासाचा मानतो. कोणतं उत्तर कधी आलं आणि का आलं हे कळलं, की आज त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हेही कळतं.

सोनाळ्यात हे बोलायला विशेष कारण आहे. संग्रामपूर तालुक्यातलं हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. उत्तरेला अंबाबरव्याचं जंगल, त्याच्या पुढे मेळघाट. दुर्बिणीने रक्त थांबवण्याची सोय मोठ्या शहरात असते, ती गावात नसते. रुग्ण खामगावला किंवा अकोल्याला जातो, दोन-चार दिवसांनी घरी येतो, आणि मग जेवणाचा निर्णय घरच्यांच्या हाती येतो. सुटीच्या कागदावर लिहिलेलं असतं ‘हलका आहार’. एवढ्या दोन शब्दांवर पुढचे पंधरा दिवस काढायचे असतात.

आधी रोगाबद्दल थोडं बोलू. अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, इथून होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल आपण बोलतो आहोत. त्याची मोठी कारणं दोन गटांत बसतात. पहिला गट अल्सरचा, म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याच्या तोंडाशी पडलेल्या व्रणाचा. दुसरा गट यकृताच्या आजारात अन्ननलिकेत फुगलेल्या शिरांचा. त्यांना डॉक्टर व्हेरायसेस म्हणतात. या शिरा फुटल्या तर रक्त धो धो येतं. दोन्हीत उलटी रक्ताचीच असते, पण आतली गोष्ट अगदी निराळी असते. त्यामुळे जेवणाचं उत्तरही निराळं असतं. हा फरक लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

आता आपण मागे जाऊ, बरंच मागे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रक्तपित्त नावाच्या रोगाचा एक अध्याय आहे. रक्तपित्त म्हणजे आजचा अल्सर, असं मात्र समजू नये. नाकातून, तोंडातून वरच्या वाटेने येणारं रक्त आणि खालच्या वाटेने जाणारं रक्त, असं सगळंच त्यात धरलेलं आहे. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की खायला केव्हा आणि काय द्यायचं, याचा विचार तिथे स्पष्ट केलेला आहे. गरज असेल तर आधी लंघन. मग रक्त वरच्या वाटेने येत असेल तर प्रथम तर्पण द्यावं आणि खालच्या वाटेने जात असेल तर प्रथम पेया द्यावी. तर्पण म्हणजे काय? खजूर, मनुका, मोहाची फुलं आणि फालसा घालून उकळलेलं आणि थंड केलेलं साखरेचं पाणी. किंवा लाह्यांचं पीठ, त्यात तूप आणि मध. मोहाची फुलं आपल्या सातपुड्यातली. त्यांचं नाव घेतलं की आज आपल्याला दारू आठवते, पण त्या ग्रंथात ती अशक्त रुग्णाच्या पहिल्या घोटात आहेत.

याच परंपरेत संसर्जन क्रम नावाची एक पद्धत आहे. वमन, विरेचन अशी शुद्धी झाल्यावर माणसाला जेवणावर परत कसं आणायचं, त्याच्या या पायऱ्या आहेत. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज. मग बिनफोडणीचं कढण, त्यानंतर तूप-मीठ-मसाल्याचं कढण, मग मांसरस, आणि शेवटी नेहमीचं जेवण. शुद्धी मोठी झाली असेल तर एकेक पायरी तीन जेवणांची, मध्यम असेल तर दोन जेवणांची, थोडी असेल तर एका जेवणाची. इथे मोजमाप दिवसांचं नाही, जेवणांचं आहे. आणि सगळ्यांना एकच क्रम नाही, माणसाची ताकद आणि त्याचा अग्नी बघून तो ठरतो.

हे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की आपल्या घरांतून यातला अर्धाच भाग टिकला. ‘लंघनं परम औषधम्’ हे सगळ्यांना पाठ असतं. लंघनानंतर कितव्या जेवणाला काय द्यायचं, ही पुढची शिडी मात्र विसरली गेली. त्यामुळे ‘पोटाला आराम द्या’ म्हणताना आपण परंपरेचं नाव घेतो खरे, पण त्या परंपरेने आरामाइतकीच काळजी जेवण पुन्हा सुरू करण्याची केलेली होती.

आता युरोपात जाऊ, कारण आजच्या दवाखान्यातली पद्धत तिकडून आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये क्रूव्हेल्ये या शरीरविकृतिशास्त्रज्ञाने जठराच्या व्रणाचं पहिलं नीट वर्णन केलं. व्रण म्हणजे जखम, आणि जखम म्हटली की विश्रांती आली. हाड मोडलं तर आपण हात बांधून ठेवतो. तसं जठर कसं बांधून ठेवणार? तर त्यात काही घालायचंच नाही. हा विचार जर्मनीत लॉइबे या डॉक्टरांनी १८७०च्या दशकात पद्धतीत बसवला. बिछान्यावर पडून राहायचं, पोटावर शेक आणि तोंडाने जवळजवळ काही नाही. रक्त आलं असेल तर उपासाचे दिवस आणखी वाढायचे.

मग रुग्ण जगायचा कसा? गुदद्वारातून अन्न देत असत. मांसाचा अर्क, अंडी, दूध, थोडी दारू, हे सगळं बस्तीसारखं चढवायचं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना १८८१ साली गोळी लागली, तेव्हा त्यांना शेवटी शेवटी असंच अन्न दिलं गेलं होतं. मोठ्या आतड्यातून पाणी आणि थोडंफार मीठ शोषलं जातं, मांसाचं पोषण मात्र तिथून जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणजे रुग्ण खरोखर उपाशीच असायचा. वरून रक्त गेलेलं, अंगातलं पाणी आटलेलं, नसेतून रक्त चढवण्याची सोय नाही. यातून जे दगावले ते सगळे रक्तस्रावाच्या खात्यावर मांडले गेले. त्यात भुकेचा आणि तहानेचा वाटा किती होता, हे कोणी वेगळं काढून पाहिलं नाही.

दोन दिवस थेंबही नको, हे आपल्या वॉर्डातलं पहिलं उत्तर इथून आलं.

या उपासाला पहिला मोठा धक्का दिला हॅम्बुर्गच्या लेनहार्ट्झ यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांचं म्हणणं असं की रक्त गेलेल्या माणसाला उपाशी ठेवलं तर जखम भरायला लागणारं सामान येणार कुठून? त्यांनी रक्तस्रावानंतर पहिल्याच दिवसापासून बर्फात गार केलेलं दूध आणि कच्ची अंडी चमच्या-चमच्याने द्यायला सुरुवात केली, आणि आठवड्याभरात बारीक केलेल्या मांसापर्यंत नेलं. अनेकांनी नाकं मुरडली. पण रुग्ण मरत नव्हते.

मग आले शिकागोचे डॉक्टर सिप्पी. १९१५ साली त्यांनी आपली पद्धत छापली. त्यांचा विचार सरळ होता. जखम आम्लाने भरत नाही, तेव्हा आम्ल मारत राहा. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला दूध आणि साय समसमान मिसळून तीन औंस, म्हणजे साधारण नव्वद मिलिलिटर. मधल्या वेळेत खायच्या सोड्यासारख्या क्षारांच्या पुड्या. हळूहळू अंडं आणि लापशी. ही पद्धत जगभर गेली आणि चाळीस-पन्नास वर्षं टिकली.

फक्त थंड दूध द्या, हे दुसरं उत्तर या काळातलं. आपल्याकडे ते इतकं पक्कं रुजलं त्याला आणखी एक कारण आहे. दूध थंड, पित्तशामक, ही समजूत आपल्याकडे आधीपासून होती. बाहेरून आलेला सिप्पींचा आहार त्या समजुतीत सहज मिसळून गेला. पण दुधाचं पुढे काय झालं? दूध आम्ल थोडा वेळ कमी करतं, आणि त्यातल्या प्रथिनामुळे आणि कॅल्शियममुळे जठर पुन्हा जास्त आम्ल तयार करतं. दूध आणि क्षार महिनोन् महिने घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडल्याचं दिसलं. आणि १९६० साली, भरपूर दूध-सायीच्या पथ्यावर ठेवलेल्या अल्सरच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका जास्त आढळतो, असं निरीक्षण छापून आलं. पेलाभर दूध प्यायला कोणाची हरकत नाही, पण दूध हे अल्सरचं औषध नाही.

तिसऱ्या उत्तराचा जनक डेन्मार्कचा. कोपनहेगनच्या बिस्पेब्येर्ग रुग्णालयात आयनार मॉइलेनग्राख्ट नावाचे डॉक्टर होते. १९३०च्या दशकात त्यांनी ठरवलं की रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून जेवू घालायचं. चमचाभर दुधावर न थांबता खरंखुरं जेवण. पाव, लोणी, लापशी, शिजवून बारीक केलेल्या भाज्या, मांसाचे मऊ गोळे, आणि सोबत लोहाचं औषध. रुग्णाला हवं तितकं. १९३५ साली त्यांनी आपले आकडे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले तेव्हा वैद्यकीय जग चकित झालं. उपास घडवणाऱ्या रुग्णालयांपेक्षा त्यांच्याकडे मृत्यू कितीतरी कमी होते. पोट भरलेलं असूनही रक्तस्राव वाढला नव्हता आणि अशक्तपणा लवकर जात होता.

इतिहास सांगताना इथे जरा थांबायला हवं. मॉइलेनग्राख्ट यांनी दोन गट पाडून तुलना केली नव्हती. प्रत्येक रुग्णालयात येणारे रुग्ण सारखे नसतात. त्याच वर्षी, १९३५ साली, लंडनमध्ये मॅरियट आणि केकविक यांनी थेंबाथेंबाने सतत रक्त चढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षांत मृत्यू कमी होण्यात तिचाही हात होता. म्हणून ‘जेवणाने रुग्ण वाचले’ असं आम्ही म्हणणार नाही. एवढं मात्र नक्की म्हणता येतं की जेवणाने रुग्ण मरतात, ही भीती खोटी ठरली. १९३७ साली इंग्लंडमध्ये विट्स यांनीही उपासाची पद्धत सोडून लवकर जेवण आणि गरजेप्रमाणे रक्त देण्याची बाजू घेतली.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं १९३७ सालीच कळलं होतं, तर मग आजही दोन दिवस उपाशी का ठेवतात? याचं उत्तर असं की जुनं कारण गेलं आणि त्याच्या जागी नवं कारण आलं. त्याकडे जाण्याआधी आपण मुंबईत एक थांबा घेऊ, कारण अल्सर झालेल्या माणसाने पुढे काय खावं, यावर तिथे मोठं काम झालं आहे.

एस. एल. मल्होत्रा हे रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. पुढे ते मुंबईत पश्चिम रेल्वेत होते. रेल्वेचे कर्मचारी देशभर पसरलेले, नोकरी सारखी, पगार सारखे, दवाखाना सारखा, पण ताटातलं जेवण प्रांताप्रमाणे वेगळं. १९६०च्या दशकात मल्होत्रांनी पाहिलं की मऊ भात खाणाऱ्या भागांत लहान आतड्याचा अल्सर जास्त आहे, आणि न चाळलेल्या गव्हाची पोळी चावून खाणाऱ्या भागांत कमी आहे. १९७८ साली त्यांनी मुंबईतल्या अल्सरच्या रुग्णांचा अभ्यास छापला. बरं झाल्यावर भातावर राहिलेल्यांत अल्सर पुन्हा उलटण्याचं प्रमाण गव्हाच्या पोळीवर राहिलेल्यांपेक्षा खूप जास्त होतं. चावून खाल्लं की लाळ जास्त मिसळते, असा त्यांचा एक तर्क होता.

हे अभ्यास लहान होते आणि आज अल्सरचं मुख्य कारण आपल्याला वेगळं माहीत आहे. पण त्यातून एक गोष्ट घ्यावी. पहिल्या दोन-चार दिवसांचं पथ्य आणि जन्मभराचं जेवण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे काय होतं, की दवाखान्यातून आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं मऊ भात आणि दूध. ज्वारीची भाकरी बंद, डाळ बंद, भाजी बंद. वऱ्हाडातल्या माणसाची भाकरी काढून घेतली तर त्याच्या ताटात उरतं काय? असा माणूस अल्सरने नाही तर अशक्तपणाने खंगतो.

मुख्य कारण कोणतं? १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू ओळखला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण दुखण्याच्या गोळ्या. ॲस्पिरिनने जठराचं अस्तर सोलतं, हे १९३८ सालीच लंडनमध्ये दुर्बिणीतून पाहिलेलं होतं. तरी आजही कंबर दुखली, गुडघे दुखले, की किराणा दुकानातून गोळी येते आणि उपासाच्या दिवशीसुद्धा रिकाम्या पोटी चहासोबत घेतली जाते. ठेच्याला आपण फार शिव्या देतो. तिखटाने जळजळ होईल, पण अल्सर पाडण्यात ठेच्यापेक्षा त्या गोळीचा आणि त्या जिवाणूचा हात कितीतरी मोठा आहे.

आता दुर्बिणीकडे येऊ. १९५७ साली अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण तयार केली आणि आधी स्वतःच्याच घशाखाली उतरवली. तोवर डॉक्टर आत काय चाललंय याचा अंदाज करत असत. आता डोळ्यांनी दिसू लागलं. १९७४ साली एडिनबरोच्या फॉरेस्ट यांनी रक्त येणाऱ्या अल्सरची वर्गवारी मांडली. धार चालू आहे, की उघडी रक्तवाहिनी दिसते आहे, की गुठळी बसली आहे, की तळ स्वच्छ आहे. या वर्गवारीने जेवणाचा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटण्याजोगा झाला, कारण ‘रक्ताची उलटी झालेला रुग्ण’ असा एकच प्रकार नसतो, हे तिने दाखवलं. स्वच्छ तळाच्या अल्सरमधून पुन्हा रक्त येण्याची शक्यता फार थोडी असते. उघडी रक्तवाहिनी असेल तर ती पुष्कळ असते.

औषधंही आली. १९७६ साली सिमेटिडिन, १९८०च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल. २००० साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २४० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दुर्बिणीने रक्त थांबवल्यावर निम्म्यांना तीन दिवस शिरेतून ओमेप्राझोल दिलं, निम्म्यांना औषध नसलेला दिखाऊ डोस, म्हणजे प्लासिबो. औषध मिळालेल्यांत महिन्याभरात पुन्हा रक्त आलं ते १२० पैकी ८ जणांना, दुसऱ्या गटात १२० पैकी २७ जणांना. का, तर रक्ताची गुठळी आम्लात टिकत नाही. उपाशी पोटातसुद्धा आम्ल तयार होतच असतं. म्हणजे गुठळी टिकवण्याचं काम उपासाने होत नाही, ते दुर्बिणीने आणि औषधाने होतं.

मग उपाशी ठेवायचं कारण काय उरलं? एवढंच, की पुन्हा रक्त आलं तर पुन्हा दुर्बीण टाकावी लागेल, कधी भूल द्यावी लागेल. त्या वेळी पोट भरलेलं असेल तर नीट दिसत नाही, आणि उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हे कारण खरं आहे. पण ते सगळ्यांना सारखं लागू नाही. ज्याला पुन्हा दुर्बीण लागण्याची शक्यताच नाही, त्याला उपाशी कशासाठी ठेवायचं? १९९२ साली अमेरिकेत लेन यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न तपासला. कमी धोक्याच्या रुग्णांपैकी काहींना लगेच जेवण दिलं, काहींना उशिरा. पुन्हा रक्त येण्यात फरक पडला नाही. मॉइलेनग्राख्ट यांना जे दिसलं होतं, त्याला आता दोन गटांच्या तुलनेचा आधार मिळाला.

फुगलेल्या शिरांची गोष्ट निराळी आहे, असं आपण सुरुवातीला म्हटलं होतं. तिथे १९८६ सालापासून बँडिंगची पद्धत आली. मूळव्याधीला रबराचं कडं घालतात, त्यावरूनच ती सुचली. शिरेला कडं घातलं की ती सुकते, काही दिवसांनी कडं गळून पडतं आणि तिथे छोटी जखम राहते. त्या जखमेवर टणक घास घासला तर? या भीतीने अशा रुग्णांना बराच काळ उपाशी आणि मग पातळ अन्नावर ठेवत आले. पण हा रुग्ण यकृताचा असतो. यकृत म्हणजे शरीराचं कोठार. ते बिघडलं की साठा उरत नाही, आणि एका रात्रीच्या उपासानेसुद्धा शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. त्याला दोन दिवस उपाशी ठेवणं म्हणजे रिकाम्या कोठारातून आणखी उपसणं. पंजाबातल्या लुधियानाच्या डॉक्टरांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बँडिंगनंतर लवकर जेवण देणं सुरक्षित असल्याचं दिसलं. तैवानमधूनही त्याआधी असाच निष्कर्ष आला होता. आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या बाव्हेनो परिषदेच्या निवेदनात जगभरच्या यकृततज्ज्ञांनी म्हटलं की अशा रुग्णांना तोंडाने आहार शक्य तितक्या लवकर सुरू करावा.

तर दीडशे वर्षांच्या या प्रवासानंतर आज आपण कुठे आहोत?

दुर्बीण टाकण्याआधी तोंडाने काही नाही. इथे जुनं उत्तर बरोबर आहे. गावातून निघताना ‘दोन घोट चहा तरी घे’ असं करू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

दुर्बिणीत अल्सरचा तळ स्वच्छ निघाला, तर शुद्ध नीट आल्यावर त्याच दिवशी नेहमीचं जेवण चालतं.

उघडी रक्तवाहिनी किंवा वाहती धार होती आणि तिच्यावर उपचार केला, तर रुग्णाला साधारण तीन दिवस दवाखान्यात ठेवतात, कारण पुन्हा रक्त येण्याचा धोका याच दिवसांत जास्त असतो. त्याला पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं कढण असे निवळ पदार्थ लवकर सुरू करता येतात आणि घट्ट अन्न डॉक्टर बघून वाढवतात.

बँडिंग झालं असेल, तर काही तासांत पातळ, आणि मग मऊ अन्न. कडं गळून पडेपर्यंतचा आठवडा-दहा दिवस कडक पदार्थ टाळावेत, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. ज्वारीच्या कण्या, पेज, मुगाचं वरण, दह्यात कालवलेला भात, दुधात किंवा वरणात भिजवलेली भाकरी, हे सगळं आपल्या घरात आहे. त्यासाठी बाजारातला डबा आणावा लागत नाही. यकृताच्या रुग्णाची डाळ, दूध, अंडी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत, आणि रात्री झोपताना काहीतरी खायला द्यावं. गुरुवार, एकादशी हे उपास त्याच्यासाठी नाहीत.

ज्याची शुद्ध नीट नाही, ज्याला गिळता येत नाही, ज्याला पुन्हा उलटी होते आहे, त्याला यातलं काहीही लागू नाही. तिथे डॉक्टरांनाच विचारायचं.

घरी आल्यावर पुन्हा काळी शौचाला झाली, चक्कर आली, घाम फुटला, तर जेवण थांबवा आणि दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची नसते. शंका आली तर दाखवूनच घ्यावं.

एक गोष्ट उरते. या सगळ्या इतिहासात उत्तर बदललं ते कोणीतरी ‘का?’ विचारल्यामुळे. लेनहार्ट्झ यांनी विचारलं, मॉइलेनग्राख्ट यांनी विचारलं. वॉर्डाच्या दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईलाही ते विचारायचा हक्क आहे. सुटी घेताना चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरं कागदावर लिहून घ्या. रक्त कुठून आलं होतं, अल्सर की शिरा? पुन्हा येण्याचा धोका किती? पातळ कधीपर्यंत, मऊ कधीपर्यंत आणि भाकरी कोणत्या तारखेपासून? आणि कोणत्या गोळ्या आता कायमच्या बंद? अल्सर असेल तर त्या जिवाणूची तपासणी झाली का, हेही त्यातच विचारून घ्या, आणि त्याचं औषध दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

‘हलका आहार’ या दोन शब्दांच्या जागी भाकरीची तारीख लिहून मिळाली, तर रुग्ण भीतीपोटी महिनाभर उपाशी राहणार नाही, आणि घाईपोटी दुसऱ्या दिवशी कडक भाकरही खाणार नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.